एच म्हणजे हसन बुरोंडकर

अन्याय झाला तो हसन दाऊद बुरोंडकर या माणसावर. सौदीतल्या हुफूफ शहरात, मी अकरावीत होते त्या हिवाळ्यातल्या एका गुरुवारी, असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज होऊन साधारण अर्धा तास झाला होता तेव्हा. जागा, कफीलाच्या, म्हणजे परदेशी कामगारांचा जामीन असलेल्या मालकाच्या, ऑफिसातली पहिल्या मजल्यावरची खोली. अन्याय करणारी, मी. हे आधीच लिहून टाकते, कारण गेली काही वर्षं मी पत्रकं लिहिते आणि पत्रकात कोणावर, कधी आणि कोणी हे पहिल्या चार ओळींत यायला हवं असं मीच नव्या पोरांना शिकवते. ठेकेदारांची नावं मी बेधडक लिहिली, एजंटांची लिहिली. स्वतःचं लिहायला सात वर्षं लागली. बाकी सगळं यानंतर.

हसनमामू अम्मीचा चुलतभाऊ. आम्ही हुफूफला राहायचो ते अब्बांच्या नोकरीमुळे. अब्बा खजुराच्या गोदामात पॅकिंगचे सुपरवायझर होते, आणि गोदामाच्या मालकाचीच एक एसी दुरुस्तीची कंपनी होती, तिच्यात मामू मेकॅनिक. म्हणजे दोघांचा कफील एकच. दोघांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, एकाच माणसाची सही. हे तेव्हा मला हवापाण्यासारखं वाटायचं, त्यात विचार करण्यासारखं काही आहे हे कळलं नाही. अब्बांच्या बुटांना खजुराचा चिकट पाक लागलेला असायचा, आणि दारात बूट काढले की दहा मिनिटांत मुंग्यांची रांग. अम्मी दर संध्याकाळी बुटांखाली पाण्याची थाळी ठेवायची. घरात तीन एसी, तिन्ही जुने, तिन्हींचा आवाज वेगळा. शुक्रवारी जुम्म्याची नमाज करून मामू जेवायला आला की चपला काढता काढता कान देऊन ऐकायचा आणि सांगायचा, "हॉलमधला खाली उतरलाय गो. आठ दिवसांत बसेल." तो आठ दिवसांत बसायचाच. डॉक्टर छातीला नळी लावतात तसा मामू नुसता उभा राहून कॉम्प्रेसरचा सूर ऐकायचा.

शुक्रवारचं जेवण म्हणजे हम्मूर माशाचं कालवण, कोकम घातलेलं, आणि भाकरी. तांदूळ त्या भागातलाच, लालसर, महाग. गोदामातला एक म्हातारा स्थानिक कामगार अब्बांना वर्षातून एकदा पिशवीभर द्यायचा. त्याच्या पिठाची भाकरी आपल्याकडच्या लाल तांदळाच्या भाकरीसारखी होते, हा शोध अम्मीचा. त्याचा तिला इतका अभिमान होता की गावाहून कोणी आलं की आधी भाकरी आणि मग पाणी. मामू भाकरी तव्यावरून थेट हातात घ्यायचा. बोटं भाजत नाहीत का विचारलं तर म्हणायचा, "तारांनी कातडी मेलीय. आता विस्तव पण विचारत नाय."

तार गिटारची. कामगारांच्या कॅम्पात मामूच्या खोलीत आठ माणसं, म्हणून गिटार आमच्याकडे, कपाटामागे. ती बाहेर न्यायची तर दोन टनी स्प्लिट एसीच्या खोक्यात घालून, वरून चिकटपट्टी मारून. कंपनीच्या गाडीत ते खोकं बघून कोणी कधी काही विचारलं नाही. गावी असताना मामू लग्नाच्या बँजो पार्टीत वाजवायचा. सौदीत आल्यावर पहिल्याच वर्षी खोबर शहरातल्या गोऱ्यांच्या एका कंपाउंडमध्ये, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतीत, एसी बसवत होता. शिडीवर. खाली वॉल्टर नावाचा ड्रिलिंगवाला अमेरिकन गिटार जुळवत बसलेला. मामूला राहवेना. वरूनच म्हणाला, "सर, थर्ड वन लो." वॉल्टरने तपासलं. तिसरी तार खरंच उतरली होती. तो म्हणे इतका हसला की गिटार मांडीवरून घसरली. तिथून सुरुवात. वॉल्टरने त्याला कंट्री शिकवलं, वॉल्टरच्या शेजाऱ्याने जाझ, आणि दोन वर्षांत दोघांनी शिकवणं सोडून त्याच्यासोबत वाजवायला सुरुवात केली.

मामूची विभागणी साधी होती. उन्हाळ्यात एसी, हिवाळ्यात गिटार. थंडी पडली की दुरुस्तीची कामं आटतात, मेकॅनिकला सुट्टी मिळते, आणि नेमक्या त्याच दिवसांत कंपाउंडमधल्या पार्ट्या सुरू होतात. वीस हिवाळे त्याने असे काढले. खोबर, जुबैल, रियाध. रियाधच्या ओलाया भागातल्या टॉवरमध्ये दिवसभर टाय लावून बसणारे बँकवाले सुट्टीच्या संध्याकाळी चपला काढून त्याच्या गिटारवर नाचायचे. हाइलला गव्हाच्या मोठ्या शेतांवर परदेशी इंजिनियर होते, तिथेही दरवर्षी जायचा. तिथे इतकी थंडी की वाजवायच्या आधी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसावं लागे. मी त्याला एकदा विचारलं, कंट्री आणि जाझमध्ये फरक काय? म्हणाला, "कंट्रीत माणूस सरळ रडतो. जाझमध्ये रडायच्या आधी घसा खाकरतो, मग म्हणतो नको, राहू दे."

आमच्या घरी मात्र तो तारांखाली फडकं खोचून वाजवायचा. आवाज टिपटिप नळासारखा. तिथे तेव्हा चारचौघांत गाणंबजावणं चालत नसे, शेजारी काय म्हणतील ही अब्बांची भीती. "वाजव हसन, पण खिडकी लाव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अम्मी भाजी निवडत ऐकायची. वीस वर्षांत तिने भावाची गिटार मोकळ्या आवाजात एकदाही ऐकली नव्हती. कंपाउंडच्या फाटकातून आम्हाला आत कोण सोडणार? ती कधी कधी म्हणायची, "फडकं काढ ना रे, एकदा." मामू खिडकीकडे बघायचा, अब्बांकडे बघायचा आणि म्हणायचा, "काढेन गो बाय. मोकळं वाजवेन एक दिवस तुझ्यासमोर."

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर माझा गुन्हा कळणार नाही. मामूच्या इकाम्यावर धंदा लिहिला होता एसी मेकॅनिक. जो धंदा लिहिला आहे तोच करायचा, दुसरा केला तर कामगाराला शिक्षा आणि कफीलाला दंड. म्हातारे कफील अबू नासेर यांना मामूची गिटार ठाऊक होती. त्यांच्या स्वतःच्या पाहुण्यांनी कौतुक केलं होतं. पण ते मामूला म्हणाले होते, "हसन, मला काही माहीत नाही. आणि तू मला सांगूही नकोस." ही तिथली रीत. माहीत असणं चालतं, लिहिलेलं चालत नाही. म्हणून कंपाउंडच्या सूचनाफलकावर वॉल्टरचं नाव पूर्ण, बासवाल्या फिलिपिनो रॅमनचं नाव पूर्ण, कारण त्याच्या कंपनीची ना नव्हती, आणि मामूचं नाव नुसतं 'एच'. गिटार : एच. वीस वर्षं एक अक्षर.

मग दिवस बदलले. कॉफी शॉपमध्ये गाणी लागू लागली, मैदानांत कार्यक्रम व्हायला लागले, बायका-माणसं एकत्र बसून ऐकू लागली. हुफूफला हिवाळी मेळा भरणार आणि त्यात वॉल्टरचं पथक उघड्या मैदानावर वाजवणार असं ठरलं. तिकीट नाही, फाटक नाही. ज्याला यायचंय त्याने यावं. मामू त्या दिवशी शुक्रवार नसताना घरी आला, स्वयंपाकघरात उभा राहिला आणि अम्मीला म्हणाला, "फडकं काढलं गो." अम्मीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने पिठाचे हात तसेच तोंडाला लावले. त्याच संध्याकाळी तिने त्याचा निळा शर्ट इस्त्री करून टांगला. कार्यक्रमाला अजून दोन आठवडे होते.

मेळ्याचं पोस्टर आलं. वॉल्टर अँड फ्रेंड्स.

मी भडकले. मी त्या वर्षी इंटरनेटवर कामगारांच्या हक्कांबद्दल जे सापडेल ते वाचत होते, आणि वाचलेलं प्रत्येक वाक्य कोणावर तरी फेकायला टपलेली होते. मामू मला वकीलबाय म्हणायचा.

"मामू, धिस इज एक्सप्लॉइटेशन!"

"मराठीत शिव्या दे गो. मना समजू दे तरी."

"तुझं नाव का नाही? वीस वर्षं एच, आणि आता तर फ्रेंड्स! तू वॉल्टरला बोल. नाहीतर मी बोलते."

"काय बोलशील?"

"लिहीन. सगळ्यांना कळू दे खरा गिटारवाला कोण ते."

मामू भाकरी मोडत होता, थांबला. "वकीलबाय, ऐक. नाव लिहिलं की कागद होतो. कागद झाला की तो कोणीतरी वाचतो. मना स्टेज पायजे, कागद नको."

"हा भित्रेपणा आहे."

"हाय," तो म्हणाला. "वीस वर्षं ह्या भित्रेपणावर गिटार वाजवलीय मी. तुझी अम्मी समोर बसेल, ती मना ओळखेल ना? झालं तर मग."

अम्मी म्हणाली, "मामूला उलट बोलू नको." मी म्हटलं, "ओके." तो ओके खोटा होता. माझं खोटं त्या ओकेपासून मोजा.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर, अम्मी झोपलेली असताना, मी माझं आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. वर मामूचा फोटो, आमच्या स्वयंपाकघरात गिटार घेऊन बसलेला. खाली मथळा : एच म्हणजे कोण? एच म्हणजे हसन बुरोंडकर. वीस हिवाळे तो तुमच्यासाठी वाजवतो आहे. त्याच्या इकाम्यावर लिहिलंय एसी मेकॅनिक. तुम्ही टाळ्या वाजवल्या, आता त्याचं नाव लिहा. आधी इंग्रजीत, त्याखाली अरबीत, कारण शाळेत अरबीत मी पहिली यायचे आणि ते जगाला दिसायला हवं होतं. माझं नाव कुठेच नव्हतं. इकाम्याचं वाक्य मला सगळ्यात झणझणीत वाटलं होतं, ते मी ठळक केलं. शाळेचा ग्रुप, आपल्या कोकणी लोकांचा ग्रुप, मराठी मंडळाचा ग्रुप. तीन ठिकाणी टाकलं, मैत्रिणीच्या जुन्या नंबरावरून. संध्याकाळपर्यंत लोक हृदयं आणि टाळ्या पाठवत होते. मी पलंगावर पडून एकेक मोजत होते. मला वाटलं मी जिंकले.

आज कार्यकर्त्यांच्या बैठकीत कोणी पोरगा 'हे टाकून देऊ, लोकांना कळू दे' म्हणाला की मी हातातला कागद खाली ठेवते. मी विचारते, ज्याचं नाव टाकतोयस त्याला वाचून दाखवलंस? तो म्हणतो, ताई, त्याच्या भल्यासाठीच आहे. मला त्या पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटते. मग आठवतं की कान माझाही आहे.

गुरुवारी फोन आला. म्हातारे अबू नासेर तोवर आजारपणाने घरी बसले होते आणि कारभार मुलाकडे, नासेरकडे होता. त्याने अब्बांना आणि मामूला बोलावलं. ऑफिसचं काही बोलणं असलं की अब्बा मला बरोबर न्यायचे. मामूचं अरबी शिडीवरचं, 'पाना दे, पाणी बंद कर' एवढंच, आणि अब्बांचं गोदामातलं. कागदपत्रांचं अरबी घरात माझ्याकडे. नासेर तिशीतला, दमलेला माणूस होता. ओरडला नाही. आम्हाला काहवा, त्यांची कॉफी, दिला. मग फोन टेबलावर सरकवला. माझं पत्रक.

"वाचून दाखव त्यांना," तो मला म्हणाला.

मी माझंच पत्रक अरबीतून मराठीत करून वाचलं. अब्बांना पहिल्या ओळीतच कळलं असणार, ते जमिनीकडे बघू लागले. मामू माझ्याकडे बघत राहिला. इकाम्याच्या वाक्यापाशी मी अडखळले, तर नासेर म्हणाला, ते नीट वाच.

"कामगार खात्याच्या माणसाने मला पाठवलंय," नासेर म्हणाला. "कंपनीच्या नावासकट. हे लिहिलं कोणी?"

मी हा प्रश्न मराठीत करायच्या आत मामू म्हणाला, "अना." मी.

नासेर थोडा हसला. "हसन, तुला अरबी लिहिता येत नाही. पगाराच्या कागदावर तू अंगठ्याशेजारी इंग्रजी सही करतोस." मग तो माझ्याकडे वळला, आणि अगदी हळू, लहान मुलीशी बोलावं तसं बोलला. हे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत. "हे कोणा पोराचं काम असेल तर सांग. मी त्या खात्यातल्या माणसाला सांगेन की पोराने खोडी केली, आणि हा कागद इथेच संपेल. पण हसनने स्वतः जाहिरात करून घेतली असेल तर मला त्याला ठेवता येणार नाही. उद्या दुसरे दहा जण करतील. सांग. त्याने करून घेतलं का?"

दार इतकं उघडं होतं. माझ्या वयाच्या मुलीला कोणी तुरुंगात टाकणार नव्हतं. दोन शब्द होते, 'मी लिहिलं', आणि ते मला तिन्ही भाषांत येत होते. मामूने मान किंचित हलवली, नको म्हणून. त्याचा मी आडोसा घेणार नाही. त्याला नासेरचं ते लांब बोलणं कळलंच नव्हतं. त्याला वाटलं, खरं सांगितलं तर अब्बांची नोकरी जाईल. खरं सांगितलं तर सगळेच वाचतील, हे त्या खोलीत कळलेली आमच्यातली एकटी मी होते. अब्बांना निम्मं कळलं असेल. मी काय विचार केला? शाळेत कळेल. अब्बा मारतील. टाळ्या पाठवणारे हसतील. एवढंच. याहून मोठं काही नव्हतं.

मी म्हटलं, "ऐवा." हो. आणि वर, कोणी विचारलं नसताना, म्हटलं, "फोटोकॉपीच्या दुकानात टाइप करून घेतलं त्याने."

नासेरने मान हलवली. फोन उलटा ठेवला. मामूने मला विचारलं, "काय म्हणतो गो?" मी म्हटलं, "विचार करतो म्हणतो." चौथं खोटं.

घरी आलो तेव्हा अम्मी भांडी घासत होती. तिने पाठ न वळवता विचारलं, "फोटो इकडचाच ना? माझ्या फळीवरचे डबे दिसतात मागे."

"हो."

"तिकडे सांगितलंस?"

मी तिच्या बाजूची ओली थाळी उचलून पुसायला घेतली. अम्मीने नळ बंद केला. मला वाटलं आता मारेल, आणि मार खायची माझी फार इच्छा होती. तिने फक्त मला ताट वाढलं आणि म्हणाली, "जेव." मग आत जाऊन तिने निळा शर्ट हँगरवरून काढला आणि घडी घातली. शुक्रवारची सुट्टी संपल्यावर अब्बा शनिवारी सकाळी नासेरकडे गेले, खरं सांगायला. उशीर झाला होता. खात्याला उत्तर गेलं होतं, कामगाराने कबूल केलं असं, आणि मामूच्या पासपोर्टवर कायमच्या परतीचा शिक्का पडला होता. नासेर म्हणे डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, मी तुझ्या मुलीला विचारलं होतं. अब्बांनी हे मामूपर्यंत कधी नेलं नाही.

मेळा झाला. वॉल्टरने रियाधहून दुसरा गिटारवाला आणला. आमच्या गच्चीवर गाण्यांचा बारीक आवाज येत होता. अम्मी गच्चीवर गेली नाही. त्याआधी तीन दिवस मामू दम्मामच्या विमानतळावरून भर दुपारी गेला होता. या वेळी गिटार खोक्यात नव्हती, सरळ खांद्याला होती, लपवायचं आता काही उरलं नव्हतं. मी सामानाची गाडी ढकलत होते. मी माफी मागितली नाही. तोच म्हणाला, "वकीलबाय, नासेर सांगत होता, अरबी फार सुंदर लिहिलंय म्हणून." टोमणा होता की कौतुक, मला आजवर ठरवता आलेलं नाही. तो आत गेला.

मामू आता दापोलीजवळच्या त्याच्या गावात आहे. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळतो. पडवीत बसून वाजवतो, आणि शेजारी म्हणतात, हसन काय ते घरंगळत वाजवतो, कळत नाय. मागच्या महिन्यात मी त्याच्यासमोर बसले आणि त्या खोलीत नासेर नेमकं काय बोलला होता ते पहिल्यांदा मराठीत सांगितलं. सात वर्षं उशिरा केलेला तरजुमा. तो बराच वेळ तारा पुसत राहिला. म्हणाला, "मना वाटायचं, मी तुना वाचवलं." मग पुन्हा तारा पुसू लागला. मी निघताना हे लिखाण वाचून दाखवलं, सगळं, आणि विचारलं, छापू का? नाव घालू का? त्याने विचार केला. "छाप. नाव पुरं घाल. वडलांचं पण. आता कागदाला भ्यायचं कारण नाय." माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही.

म्हणून आता तुम्हाला. वाचून हळहळू नका, मला तुमची हळहळ नको. तुमच्या गावात शाळेचा हॉल आहे, मंडळाचा मांडव आहे, कॉलेजचं स्टेज आहे. त्याची बोटं अजून चालतात. अम्मी येत्या उन्हाळ्यात दोन महिने गावी येते आहे. तेवढ्यात एक संध्याकाळ मोकळी करा. आधी मामूच्या दारात जा, त्याला विचारा. तो हो म्हणाला तर फलक रंगवा, आणि रंगवण्याआधी त्याला वाचून दाखवा. मग पहिल्या रांगेत मधली खुर्ची अम्मीसाठी ठेवा, आणि हसन दाऊद बुरोंडकरला पूर्ण आवाजात वाजवू द्या.